दारावरचा प्रश्न

घाटातल्या एका उतारावर जांभळाचं जुनं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचं पोळं नांदत होतं. ढोलीचं तोंड एवढंसं, दोन माश्या शेजारी शेजारी जेमतेम शिरतील इतकं. त्या तोंडाशी पाय रोवून एक माशी बसलेली असे. तिला सगळ्या दारवाली म्हणत. वयाने मोठी म्हणून धाकट्या तिला आक्का म्हणत. पण आक्का म्हटलं की माया आलीच, असं समजू नका. ही आक्का भलती कडक. बाहेरून येणारी प्रत्येक माशी तिच्यापुढे थांबायची आणि दारवाली तिला एकच प्रश्न विचारायची, "काय आणलंस?"

आणलं असेल तर आत. नसेल तर चालती हो.

हा नियम काही पहिल्यापासून नव्हता बरं का, पोरांनो. आदल्या वर्षी कारवी फुलली, तेव्हा तो निघाला. कारवी म्हणजे डोंगरउतारावर माजणारं झुडूप. एकदा फुललं की पुन्हा सात वर्षं फूल दाखवत नाही. पण फुलतं तेव्हा अख्खा डोंगर जांभळा होतो. त्या वर्षी माश्यांना काही शोधावं लागलं नाही. दारातून बाहेर पडायचं, समोरच्या डोंगरावर जायचं, पोट भरायचं, परत यायचं. डोळे मिटून गेलेली माशीसुद्धा भरून आली असती. पोळ्यातली घरं मधाने गच्च झाली आणि कामावर देखरेख करणाऱ्या मुकादमीण माशीला वाटलं, हे आपल्या शिस्तीनेच झालं. असं होतंच. पीक चांगलं आलं की बुजगावण्यालाही वाटतं, राखण मी केली म्हणून आलं.

"समोर एवढी कारवी असताना जी रिकामी येते ती कामचुकार," मुकादमीण म्हणाली. "रिकामीला दार नाही." त्या दिवसांत ते खरंही होतं. म्हणून कुणी हूं की चूं केलं नाही. दारवालीला तर नियम फारच आवडला. काय करायचं ते स्वच्छ ठरलं, विचार करायची कटकट मिटली.

कारवी गेली. नियम राहिला.

वर्ष फिरलं. लांबलेल्या पावसाने माश्यांना ढोलीत कोंडून ठेवलं आणि बसल्या बसल्या त्यांनी मधाचा साठा बराच खाली आणला. पाऊस ओसरायला लागला तशा सगळ्या समोरच्या डोंगराकडे धावल्या. डोंगर हिरवागार, कारवीची पानं तळहाताएवढी, आणि फूल औषधालाही नाही. सात वर्षांची गोष्ट तुम्हाला आत्ता कळली. माश्यांना कोण सांगणार? गेल्या वर्षी होतं म्हणजे यंदाही असणार, आज नाही तर उद्या, असं म्हणत त्या रोज जायच्या आणि झुडपांभोवती घुटमळायच्या.

पोळ्यात चुळबूळ सुरू झाली. कुणी एका जागी ठरेना. कामाशिवाय पंख फडफडायचे, पायावर पाय घासले जायचे. एरवीची सुरातली गुणगुण गेली आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी चरचर दिवसभर ऐकू यायची. सगळ्यांत जास्त चुळबूळ दारवालीची. कारण दारावर येण्याआधी ती पिलं सांभाळायची. पोळ्याच्या मधल्या घरांत पांढऱ्या, मऊ, बिनपायांच्या अळ्या असतात, त्या माश्यांची पिलं. त्यांना उडता येत नाही, चालता येत नाही, फक्त भूक लागते. साठा कमी झाला की पहिला चिमटा त्यांना बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एके सकाळी मुकादमीण पोळ्यावर उंच चढली. "बायांनो," ती म्हणाली, "तेच तेच करून आता भागायचं नाही. जरा डोकं चालवा. नवी वाट शोधा, नवं फूल शोधा. कुणाला काही सुचलं तर बेलाशक करा."

सगळ्यांनी पंख वाजवले.

"मात्र रिकाम्या पोटी कुणी परत यायचं नाही. नियम तो नियम."

पंख वाजायचे थांबले.

पोहायला शीक, पण अंग भिजवू नकोस, असं सांगण्यातलाच हा प्रकार. माश्या काय समजायचं ते समजल्या. नवी वाट धरली आणि चुकली, तर दार बंद एकटीला. जुन्या वाटेने गेलं आणि काही मिळालं नाही, तर सगळ्याच तशा, मग बोलणार कोण कुणाला? मुकादमिणीचं भाषण संपलं आणि सगळ्या शहाण्यासारख्या समोरच्या डोंगरावर गेल्या.

एक सोडून. तिला भिरभिरी म्हणत. चांगली वाढलेली, कामाला वाघीण, पण नाक एका जागी ठेवेल तर शपथ. सरळ वाटेने जाताना बाजूला काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिने मुकादमिणीचं बोलणं खरं मानलं.

पहिल्या खेपेला ती ओढ्यापलीकडे गेली आणि संध्याकाळी रिकामी परतली.

"काय आणलंस?" दारवालीने विचारलं.

"काही नाही, आक्का. तिकडे नुसतं शेवाळ. आणि एक बेडूक, तो तर मलाच..."

"बेडकाची ख्यालीखुशाली विचारायला पाठवलं होतं का तुला? बस बाहेर. दिवेलागण झाल्यावर बघू."

दुसऱ्या खेपेला भिरभिरी माणसांच्या वाडीकडे गेली. एका अंगणात लाल-गुलाबी फुलांची कमान उभी होती. ती हरखून फुलावर बसली, सोंड खुपसली, तर कागद. दारावर तिने खरं काय ते सांगितलं आणि आजूबाजूच्या माश्या खो खो हसल्या. "कागद चाटून आली गं बाई," दारवाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "लग्नाला नेलं तर नवऱ्याला सोडून पुतळ्याला माळ घालेल ही." त्या रात्री भिरभिरीला आत घेतलं नाही.

तिसऱ्या खेपेला ती डोंगराच्या वरच्या धारेपलीकडे, पाठीमागच्या उतारावर गेली. परतली तेव्हा पंख ओले होते आणि पोट रिकामं, पण बोलण्यात घाई होती.

"आक्का, ऐक ना. पलीकडे एक शेत आहे. हिरवंगार. फूल नाही अजून, पण कळ्या..."

"काय आणलंस?"

"आणलं काही नाही. पण कळ्या आहेत, एवढाल्या, दाट..."

"कळ्या भरवू पिलांना? रिकामी तोंडं घेऊन यायचं आणि वर गप्पा ठोकायच्या. चल, हो बाजूला. मागे भरलेल्यांची रांग लागलीय."

भिरभिरी बाजूला झाली. क्षणभर थांबली, दारवाली पुन्हा बघेल म्हणून. दारवालीने बघितलं नाही. मग ती उडून खालच्या फांदीवर जाऊन बसली ती बसलीच.

आणि रांग खरंच लागली होती, हीच तर गंमत. डोंगरावर फुलाचं नाव नाही, तरी संध्याकाळी माशीमागून माशी भरल्या पोटाने येत होती. दारवाली प्रत्येकीच्या पोटावर मिशा टेकवायची. पोट टम्म. "काय आणलंस?" "रस." "जा आत." तिला बरं वाटायचं. आपल्या पोरी कशा, काही नाही त्यातूनही काढतात.

मग मधाची घरं रोज थोडी थोडी रिकामी का होत होती? हा विचार तिच्या डोक्यात यायचा, माशी बसावी तसा बसायचा आणि ती त्याला हाकलून द्यायची. आपलं काम दाराचं, घरं बघायची मुकादमिणीने. तरी झोप लागेना. पाय सारखे शिवशिवायचे. एकदा तर ती जागा सोडून आत पिलांकडे जाऊन आली. पिलांची तोंडं उघडीच होती. त्यांना भरवणाऱ्या माशीने मान खाली घातली आणि म्हणाली, "आक्का, अर्ध्या पोटीच ठेवतेय गं. काय करू?"

शेवटी राणीने सगळ्यांना बोलावलं. राणी म्हणजे सगळ्यांची आई, अगदी खरोखरची. आईचा आवाज थकलेला होता. "बाळांनो, इथलं अन्न संपलं. उद्या उन्हं पडली की आपण हे घर सोडायचं. जाताना उरलासुरला मध पोटात घ्या. पुढे कुठे, कधी मिळेल सांगता येत नाही."

"आणि पिलं?" दारवालीच्या तोंडून निघून गेलं.

बिनपंखांची पिलं कोण उचलून नेणार? ती मागे राहणार आणि मुंग्या येणार. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळ्या दुसरीकडे बघत होत्या.

सकाळी पावसाची भुरभुर थांबली. काही माश्या निघण्याआधी सवयीने शेवटची खेप करून आल्या. दारवालीपुढे पहिली आली ती एक गुबगुबीत माशी. सगळ्या तिला गोबरी म्हणत.

"काय आणलंस?"

"रस."

पोट टम्म होतं. एरवी दारवालीने जा म्हटलं असतं. पण त्या सकाळी तिच्या डोळ्यांपुढून पिलांची उघडी तोंडं हलत नव्हती. घास भरवणाऱ्याला भरल्या पोटाचं मोल वेगळंच कळतं. ती म्हणाली, "थांब. एक थेंब दे मला चाखायला."

"कशाला, आक्का? रोज तर सोडतेस."

"दे म्हणते ना."

गोबरीने सोंड पुढे केली. दारवालीने थेंब चाखला. दाट, मुरलेला, थोडा कडवट. नवा रस पाण्यासारखा पातळ असतो, पोळ्यात दिवस काढल्यावर तो असा होतो. हा आजचा रस नव्हताच. हा गेल्या वर्षीच्या कारवीचा मध होता, त्यांच्याच घरातला.

"हे कुठून आणलंस?"

गोबरीने सोंड मागे घेतली.

"कुठून, विचारते मी."

"घरातूनच," गोबरी पुटपुटली. "जाताना पोटात भरून घेते. डोंगरावर एक चक्कर मारते. येताना तोच दाखवते."

"दाखवून मग परत घरात ओततेस?"

"ओतते की. म्हणजे, बराचसा ओतते. उडताना निम्मा अंगात जिरतो ना." आणि मग, पकडलं गेल्यावर सगळेच म्हणतात तेच ती म्हणाली, "मी एकटी नाही. सगळ्याच करतात."

दारवालीने मागच्या रांगेकडे पाहिलं. रांगेतल्या एकेकीचं पोट टम्म होतं आणि एकीचीही नजर वर नव्हती.

क्षणात आत गलका झाला. मुकादमीण धावत आली. "चोर," ती ओरडली, "घरातला मध घरालाच दाखवता? एकेकीला ओळखून ठेवते. बाहेर काढते सगळ्यांना."

"सगळ्यांना काढलं तर आत राहणार कोण, मुकादमीणबाई?" दारवाली म्हणाली. ती संतापलेली होती, पण कुणावर ते तिचं तिलाच नीट उमगत नव्हतं. "या चोर नाहीत. यांना रात्री घरात झोपायचं होतं एवढंच. रिकाम्या पोटीला दार नाही म्हणून सांगितलं तुम्ही, आणि ते बंद केलं मी. मग यांनी पोट भरून आणलं. कुठून भरलं हे आपण दोघींपैकी कुणी विचारलं?"

"म्हणजे चूक माझी?"

"तुमची आणि माझी. भांडायचं असेल तर नंतर भांडू, आत्ता वेळ नाही." ती रांगेकडे वळली. "गोबरे, खरं सांग. डोंगर सोडून दुसरीकडे कधी गेलीस?"

गोबरीने इकडेतिकडे पाहिलं. "एकदा. वाडीत. लाल फुलं होती अंगणात."

"कागदाची?"

"हो."

"मी पण बसले होते त्यावर," मागून एक आवाज आला. "मी पण," आणखी एक. मग तर बांध फुटल्यासारखं झालं. पोळ्यातल्या कितीतरी माश्या एकामागून एक जाऊन तोच कागद चाटून आल्या होत्या, आणि हसतील म्हणून एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं. सांगितलं फक्त भिरभिरीने. हसल्या मात्र सगळ्या.

दारवालीने पुढे एक शब्द ऐकला नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा दार उघडं टाकलं आणि खाली झेप घेतली.

भिरभिरी खालच्या फांदीवर एका पानाआड होती. पंख अंगाला चिकटलेले, मिशा लोंबलेल्या. दारवालीने आपली सोंड पुढे केली आणि आपल्या पोटातला सकाळचा वाटा तिच्या तोंडात घातला. भिरभिरी आधी घेईना, मग घ्यायला लागली. जरा हुशारी आल्यावर तिने विचारलं, "काय गं आक्का, दारात आज जागा रिकामी का?"

"टोमणे मार. मारायचे तेवढे मार," दारवाली म्हणाली. "पण आधी एक सांग. काय पाहिलंस?"

भिरभिरीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "काय?"

"काय पाहिलंस, धारेपलीकडे? तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आता ऐकते."

"आता ऐकतेस होय? आज सगळ्या निघाल्यात तेव्हा?" भिरभिरीने पाठ फिरवली. रागाने की कशाने, कोण जाणे. पण जिला सांगायचं असतं तिला राग फार वेळ धरता येत नाही. "शेत आहे. कारळ्याचं." कारळा म्हणजे ज्याची काळी चटणी तुम्ही भाकरीबरोबर खाता ना, तो. "देठादेठाला कळ्या होत्या. काहींच्या टोकाला पिवळं दिसायला लागलं होतं. मी बघून आले त्याला दोन-तीन दिवस झाले. मधे पाऊस झाला. आता एक तर फुललं असेल, नाही तर झोडपलं गेलं असेल. नक्की सांगता यायचं नाही."

"नक्की कोण मागतंय तुझ्याकडे? चल वर."

वर पोळ्यावर निघायची तयारी झाली होती. माश्या उरलेला मध पोटात भरत होत्या. भिरभिरीला आत आलेलं पाहून मुकादमीण आडवी आली. "ही? पहिल्यांदा बेडूक, मग कागद, मग कळ्या. हिच्या नादाने अख्खं घर थांबवायचं?"

"बेडूक सांगितला म्हणून ओढ्याकडे पुन्हा जायला नको. कागद सांगितला तेव्हा आपण ऐकलं असतं तर इतक्या जणी चाटायला गेल्या नसत्या," दारवाली म्हणाली. "हिने आणलं होतं, मुकादमीणबाई. पोटात नव्हतं, तोंडात होतं. मीच घेतलं नाही." मग ती राणीकडे वळली. "आई, मध भरणं थांबव. घरात आहे तेवढा पिलांचा आहे. मी जाऊन बघून येते."

"फुललं नसेल तर?" राणीने विचारलं.

"तर रिकामी येईन आणि तसं सांगेन. फक्त मला आत घ्या म्हणजे झालं."

राणीने पिलांच्या घरांकडे पाहिलं. "उन्हं माथ्यावर येईस्तोवर थांबते. त्यापुढे नाही, बाळ. बाकीच्यांचाही जीव आहे." मग तिने मुकादमिणीकडे पाहिलं. "आणि तोवर दारात तू बस."

दारवाली, भिरभिरी आणि गोबरी निघाल्या. गोबरीला कुणी बोलावलं नव्हतं, तीच मागे लागली. "मी खरी खेप करून कितीतरी दिवस झाले," एवढंच ती म्हणाली.

दारवालीला इतक्या लांब उडायची सवय राहिली नव्हती. दारात बसून बसून पंख जड झाले होते. धारेकडे चढताना ती सारखी सूर्याकडे बघत होती आणि सूर्य तिला मुद्दाम घाई करतोय असं वाटत होतं. वाडीवरून जाताना तिला खाली लालभडक काहीतरी दिसलं आणि ती झपकन वळली.

"आक्का, कागद," भिरभिरी म्हणाली.

दारवाली मुकाट्याने परत वाटेला लागली. गोबरीने हसू दाबलं, पण नीट दाबलं गेलं नाही.

धारेजवळ विजेची तार गेली होती. भिरभिरीने दोघींना खाली ओढलं. "वर नका जाऊ. तारेवर वेडा राघू बसतो. हिरवा, शेपटीला काडी असलेला. मागच्या वेळी मी थोडक्यात वाचले. गवताला चिकटून चला." त्या गवतातून सरपटल्यासारख्या उडाल्या. वर तारेवर राघू खरंच बसलेला होता. त्याने एका दुसऱ्याच माशीला हवेत टिपलं, तारेवर आपटलं आणि गिळलं. दारवाली गवतात आणखी खाली दबली. हे सगळं ही पोर एकटीने पाहून आली होती, आणि आपण तिला म्हणालो, गप्पा ठोकू नकोस.

धार ओलांडली. खाली शेत दिसलं.

हिरवं. नुसतं हिरवं.

गोबरी म्हणाली, "नाही गं फुललं." भिरभिरी खाली उतरत शेत न्याहाळत होती. दारवालीने वर पाहिलं. ऊन माथ्यावर यायला थोडंच उरलं होतं. इथूनच परत फिरलं तर वेळेत पोचता येईल, पुढे गेलं तर कदाचित नाही. तिचा एक एक पंख एकेका दिशेला ओढायला लागला. जुनी दारवाली आतून ओरडत होती, रिकामी आहेस, परत चल, निदान वेळ तरी पाळ.

"खालच्या बांधाकडे ऊन आधी पडतं," भिरभिरी हळूच म्हणाली. "तिकडे बघायचं का? मला माहीत नाही काही. पण बघायचं का?"

"बघू," दारवाली म्हणाली.

खालच्या बांधाला लागून एक पट्टा उमलला होता. अख्खं शेत अजून मिटलेलं, पण तेवढा पट्टा पिवळाधमक, जणू कुणी हळदीचं बोट ओढलंय. दारवाली पहिल्या फुलावर बसली नाही, आदळलीच. सोंड घातली. पातळ, ताजा, गवताच्या वासाचा रस. तिने तो घशाखाली उतरवला. तिघी फुलांवरून फुलांवर जात राहिल्या. पाय परागांनी पिवळे झाले.

परतताना ऊन माथ्यावर आलं होतं. जांभळाचं झाड जवळ आलं. ढोलीबाहेर खोडावर माश्यांचा झुबका लोंबत होता, निघायच्या तयारीत. आत पिलांपाशी कुणी उरलं होतं की नाही, देव जाणे.

दारात मुकादमीण बसली होती. नव्या जागी नवा प्रश्न सुचला नाही, सवयीने जुनाच निघाला. "काय आणलंस?"

दारवालीने सोंड पुढे केली आणि मुकादमिणीला एक थेंब दिला.

मुकादमिणीने तो चाखला. पुन्हा चाखला. तिला वाद घालायचा असावा, पण जिभेवर नवा रस असताना वाद घालणं अवघड जातं. ती झुबक्याकडे वळून म्हणाली, "आत चला गं. सगळ्या आत चला." मग अगदी हळू, "कुठे आहे, ते हिला नाचून दाखवू दे." माश्या वाट सांगतात ती नाचून.

भिरभिरी पोळ्यावर चढली. कमरेला हिसके देत तिने धारेची दिशा दाखवली, तारेपाशी अंग चोरून दाखवलं, वाडीतल्या कागदापाशी नाक मुरडून दाखवलं. सगळ्या हसल्या. या वेळी तीही हसली. दारवाली मात्र नाच बघायला थांबली नाही. ती थेट मधल्या घरांकडे गेली आणि पायांचे पराग, पोटातला रस, सगळं पिलांना भरवणाऱ्या माशीपुढे रितं केलं. "आता अर्ध्या पोटी ठेवू नकोस," ती म्हणाली.

त्यानंतर शेत बांधाकडून वर वर उमलत गेलं. पोळं कुठेच गेलं नाही. रोज थव्यांनी माश्या धारेपलीकडे जायच्या आणि भरून यायच्या. मुकादमीण पुन्हा पोळ्यावर उंच चढायला लागली आणि एक दिवस म्हणालीसुद्धा, "आता कारळा समोर असताना जी रिकामी येईल..." तिथे तिची नजर दाराकडे गेली. दारवाली तिच्याकडेच बघत होती. मुकादमिणीने घसा साफ केला आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

त्याच संध्याकाळी सगळ्या भरल्या पोटाने आत गेल्यावर, अगदी शेवटी, भिरभिरी आली. पायांना पराग नाही. पोट चपटं. समोर फुललेलं शेत सोडून ही बया त्याच्याही पलीकडे काय आहे ते बघायला गेली होती.

दारवालीच्या कपाळावर आठी उमटली. जिभेवर जुना प्रश्न चढला, अगदी ओठांपर्यंत आला. तिने तो गिळला. कडू औषध गिळावं तसा गिळला.

"काय पाहिलंस?" तिने विचारलं.

"सांगते," भिरभिरी आत शिरत म्हणाली, "आधी खायला दे काहीतरी."

तात्पर्य : "काय आणलंस" एवढंच जिथे विचारतात, तिथे माणसं घरातलंच उचलून दाखवतात; नवं हवं असेल तर रिकाम्या हाताने परतणाऱ्यालाही दार उघडा, खायला घाला आणि "काय पाहिलंस" ते विचारा.